सहा फुटांची आक्का आणि दोन सिटांची गाडी

आक्का सहा फुटांना बोटभर कमी होती. वडवणीच्या आठवडी बाजारात पालांच्या दोऱ्या बाकीच्यांच्या डोक्यावरून जातात, तिच्या त्या गळ्याशी यायच्या. एसटीच्या दारात, गोठ्याच्या चौकटीत, आमच्या घराच्या मागच्या पत्र्याखाली, सगळीकडं तिला वाकावं लागायचं. जिल्ह्यातली सगळी दारं तुझ्यासारख्यांनी तुझ्यासारख्यांसाठी केलीत, असं ती मला म्हणायची. मी तिचा धाकटा भाऊ, तिच्या खांद्याला लागतो. लागत होतो, असं लिहायला हवं. अजून हात तसा वळत नाही.

ती जनावरांची डॉक्टर होती. सगळी नोकरी तिनं याच भागात केली, वडवणीपासून तेलगावपर्यंतच्या गावांत. लग्न केलं नाही. बघायला आलेल्यांपैकी एकानं फोटोत तिला खुर्चीवर बसवून मुलाला शेजारी उभं करायची सूचना केली होती. त्यानंतर ती बघण्याच्या कार्यक्रमाला बसलीच नाही. आमच्या घराला लागून तिनं दोन खोल्या बांधल्या, आणि त्यांची दारं मात्र सात फुटांची ठेवली.

तिच्या पुण्यानुमोदनाला, ती गेल्यावर तिच्या आठवणीत ठेवलेल्या कार्यक्रमाला, खूप लोक आले. वंदना झाल्यावर एकेक जण उठून बोलला. कुणाची अडलेली म्हैस तिनं पहाटेपर्यंत हात घालून मोकळी केली होती, कुणाच्या वस्तीवर पुराच्या पाण्यातून चालत जाऊन लसी टोचल्या होत्या. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी दोन वाक्यं बोललो आणि बसलो. मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. तिथं दुसऱ्यांनी लिहिलेलं सांभाळायचं असतं, आपण बोलायचं नसतं. पण त्या दिवशी एक गोष्ट कुणीच काढली नाही, आणि मला नेमकी तीच आठवत होती. तिची गाडी. दुःखाच्या ठिकाणी स्पोर्ट्स कारचं नाव कसं काढावं, असं लोकांना वाटलं असणार. मलाही तेव्हा तसंच वाटलं. आता घरी बसून सावकाश लिहितो आहे, तर ती सांगता येईल.

निवृत्त झाल्यावर आक्कानं कुठं यात्रेला जावं, शेती बघावी, निदान आमच्याकडं निवांत जेवायला यावं, असं सगळ्यांना वाटत होतं. तिनं एके दिवशी चहा पिता पिता सांगितलं, मी गाडी आणतेय. गाडी म्हणजे आम्हाला वाटलं, चारचौघांसारखी पांढरी, चार दारांची. आली ती गडद निळी, दोन दारांची, दोन सिटांची, जमिनीला पोट टेकून बसलेल्या जनावरासारखी. कॉलेजातल्या तिच्या एका वर्गमित्राची होती. तो छत्रपती संभाजीनगरला असतो, त्याचा दुधाचा मोठा धंदा आहे. हौसेनं घेतली आणि गुडघे गेले, तेव्हापासून ती झाकून ठेवलेली होती. त्यानं आक्काला सांगितलं, दिवाळीपर्यंत वापरून बघ. जमली तर कागद करू, न जमली तर परत आण, माझा मेव्हणा टपूनच बसलाय.

त्याचा ड्रायव्हर गाडी आमच्या दारात सोडून बसनं परत गेला. गल्ली गोळा झाली. आक्का गाडीपाशी गेली, दार उघडलं, एक पाय आत टाकला, मग कंबर, मग खांदे तिरके करून डोकं, आणि शेवटी दुसरा पाय हातानं उचलून आत घेतला. आत गेल्यावर तिचं डोकं छताला टेकलं. ते सरळ राहीना म्हणून तिनं मान उजव्या खांद्यावर कलती केली. दोन्ही गुडघे स्टिअरिंगच्या दोन बाजूंना वर आले.

माझी बायको दारातून बघत होती. ती म्हणाली, "आक्का, यात बसायचं का ही अंगात घालायची?"

"घालायचीच," आक्का आतून म्हणाली. "पण मापाची करून घ्यावी लागंल."

हसणं झालं, लोक पांगले. पण आक्काला बाहेर येताना दार धरून उभं राहावं लागलं आणि तिचा चेहरा मी पाहिला. तिची कंबर नोकरीनं खाल्ली होती. तीस वर्षं गाई-म्हशींच्या मागं वाकून आणि जीपमध्ये आदळून मणक्याची चकती सरकली होती, डावा पाय मधूनच बधिर व्हायचा. बीडच्या हाडांच्या डॉक्टरनं तिला स्पष्ट सांगून ठेवलं होतं: गाडी चालवायची तर पाठ सरळ ठेवून. वाकून, मान मोडून चालवाल तर ऑपरेशनला या. त्यामुळं प्रश्न अगदी साधा होता. दिवाळीच्या आत या गाडीत आक्काला ताठ बसता आलं, तर गाडी राहणार होती. नाहीतर मेव्हण्याकडं जाणार होती.

तिला ती का हवी होती हे मी एकदाच विचारलं. ती म्हणाली, नोकरीच्या पहिल्या वर्षी मांजरसुंब्याच्या घाटात जीप पंक्चर झाली होती, मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसले होते, आणि अशी एक गाडी शेजारून गेली. एवढंच तिनं सांगितलं. मला ते पुरेसं वाटलं. तीस वर्षं एखादी इच्छा कुणालाही न सांगता सांभाळायची आणि मग तिच्याबद्दल कुणाचीही माफी न मागता ती पुरी करायला निघायचं, हे मला जमलं नसतं.

नाक्यावर कुशनवाल्या मामूंचं दुकान आहे. मामू म्हणजे साठीचे, बुटके, डोळ्यांत सुरमा, तोंडात कायम एक खिळा. ट्रॅक्टर, जीप, पुढाऱ्यांच्या मोठ्या गाड्या, सगळ्यांच्या सिटा ते करतात. त्यांच्या शेळ्यांची तीन पिढ्यांची बाळंतपणं आक्कानं केली होती, त्यामुळं त्यांचा तिच्यावर फार जीव. आक्कानं गाडी गल्लीतल्या पोरांकडून ढकलत नेऊन त्यांच्या दुकानापुढं उभी केली आणि सांगितलं, सीट माझ्या उंचीला बरोबर करून द्या.

"तुमी जावा बाई," मामू म्हणाले. "अशी सीट करतो का आमदारानं विचारलं पायजे, कुठून केली."

दोन-तीन दिवसांनी निरोप आला. आम्ही गेलो. मामूंनी सीटवर चांगला वीतभर फोम चढवला होता, त्यावर मरून मखमल, कडेनं सोनेरी पट्टी, आणि पाठीवर नवाकोरा पांढरा टॉवेल, चारी कोपऱ्यांना टाके घालून. टॉवेल त्यांच्याकडून भेट होता.

ही चूक आमच्याच भागातला माणूस करू शकतो, आणि ती प्रेमानं झालेली होती. आमच्याकडं मोठ्या माणसाची गाडी सीटवरून ओळखतात. सीट उंच पाहिजे, गुबगुबीत पाहिजे, मागं टॉवेल पाहिजे, आणि आतला माणूस काचेतून छातीपर्यंत दिसला पाहिजे. मामूंच्या दुकानात जो येतो तो वर बसवा म्हणूनच येतो. सीट खाली घ्या असं आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं, मग आक्का "उंचीला बरोबर करा" म्हणाली त्याचा त्यांनी दुसरा काही अर्थ कसा लावावा? खरं सांगायचं तर ती मखमल बघून क्षणभर मलाही बरं वाटलं. आमच्या आजोबांना गावात कुणाच्या ओट्यावर टेकता येत नव्हतं. त्यांची नात अशा सिंहासनावर बसणार, हे मला आवडलं.

आक्का बसली. म्हणजे शिरली, आणि अर्ध्यात अडकली. आता डोकं नुसतं कलतं करून भागेना, हनुवटी छातीला लागली.

"मामू," ती तिथूनच म्हणाली, "मला उंच न्हाई बसायचं. ताठ बसायचंय."

"एकच झालं की बाई."

"एक कसं? बघा की मला. उंटासारखी दिसतेय का न्हाई?"

मामूंनी वाकून नीट पाहिलं. खिळा एका गालातून दुसऱ्या गालात गेला. "न्हाई," ते म्हणाले. "उंट ताठ असतो."

आक्का एवढी हसली की तिचं डोकं छताला दोनदा आपटलं. मग तिनं बाहेर येऊन मामूंना आत बसायला सांगितलं. ते बसले, ऐसपैस, काचेतून छातीपर्यंत दिसणारे, टॉवेलला पाठ लावून. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की आक्का म्हणाली, "सीट वाया न्हाई गेली. तुमच्या दुकानातल्या खुर्चीवर लावा ही." आणि मामूंनी खरंच लावली. अजून ते तिच्यावर बसतात.

मला आक्काचं जे काही आवडायचं ते पुढच्या आठवड्यात सगळं एका ठिकाणी पाहायला मिळालं. ती चिडली नाही, तिनं दुसऱ्या शहरातला दुसरा कारागीर शोधला नाही. तिनं मामूंना सीटच काढून टाकायला सांगितली. चार बोल्ट होते. बोल्टला हात लावायच्या आधी तिनं स्वतः बॅटरीची वायर सोडली, कारण सीटखालून सीटबेल्टच्या कुलपाची वायर जात होती आणि तिला ती तुटायला नको होती. सीट बाहेर आली, आत नुसता पत्रा उरला.

"आता कशावर बसणार?" मामूंनी विचारलं.

"पोत्यांवर."

सरकी पेंडीची रिकामी पोती तिनं आणून ठेवली होती. वासराचा पाय मोडला की ती आधी त्याला त्याच्या मनानं उभं राहू द्यायची, त्याचं वजन कुठं पडतंय ते बघायची, आणि मगच कामट्या बांधायची. कामट्या आधी कापून ठेवल्या की वासराला त्यांच्या मापानं उभं राहावं लागतं, असं ती म्हणायची. गाडीतही तिनं तेच केलं. पोत्यांच्या घड्या पत्र्यावर टाकायच्या, बसायचं, उतरायचं, एक घडी काढायची, परत बसायचं. माझं काम म्हणजे खिडकीतून हात घालून तिचं डोकं आणि छत यांच्यात किती जागा राहते ते सांगणं.

"तीन बोटं," मी म्हणालो.

"कमी हाय."

"तीन बोटं म्हणजे पुष्कळ झाली आक्का. केस मोकळे राहतात."

"पुण्यात चालतील तीन बोटं. आपल्या रस्त्याला मूठ पायजे."

मुठीएवढी जागा होईपर्यंत आणखी घड्या निघाल्या. मग पाठीमागं एक चौघडी गोधडी, कमरेच्या खोलगट भागात गुंडाळलेला टॉवेल, मांड्यांखाली पुढच्या बाजूनं एक वळकटी, कारण लांब पायाच्या माणसाच्या मांड्या अधांतरी राहतात आणि सगळा भार कमरेवर येतो. प्रत्येक बदलानंतर ती डोळे मिटून थोडा वेळ शांत बसायची. नाक्यावर रहदारी चालली होती, रसवंतीची घुंगरं वाजत होती, येणारे-जाणारे थांबून कारण विचारत होते, डॉक्टरीणबाई पोत्यावर कावून बसल्यात? ती डोळे न उघडता म्हणायची, माप देतेय. शेवटी एकदा ती बराच वेळ तशीच बसली आणि हळूच म्हणाली, "हां. हे."

मामूंनी सुतळीला गाठी मारत मापं घेतली. छतापासून पोत्यापर्यंत, पोत्यापासून क्लचपर्यंत, पाठीपासून स्टिअरिंगपर्यंत. घेता घेता त्यांचा चेहरा पडत गेला. आक्का जिथं नीट बसत होती ती जागा पत्र्यापासून जेमतेम चार बोटं वर होती. सीटचा नुसता लोखंडी सांगाडा, फोम न घालतासुद्धा, त्याहून उंच होता.

"न्हाई जमणार बाई. फोम सगळा काढला तरी खाली स्प्रिंगा हायत. स्प्रिंगा काढल्या तर बसणार कशावर? ही सीट न्हाई, ही झोळी झाली."

आक्का बाकड्यावर बसून विचार करत होती. "मामू, बाजेची नवार ढिली झाली की माणूस कुठं जातो?"

"खाली जातो. आन शिव्या देतो."

"कावून?"

"कंबर मोडती ना."

"मग ढिली न्हाई ठेवायची. आवळूनच विणायची, पण सांगाड्याच्या वरच्या नळीवर न्हाई. खालच्या."

मामूंनी खिळा तोंडातून काढला. तो त्यांनी बोलायला काढलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. ते सांगाड्यापाशी गेले, त्याला उलटा केला, खालच्या नळीवर हात फिरवला, दोन्ही हातांनी ताणून बघितला. "सुताची नवार न्हाई टिकणार," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "ट्रकचा माल आवळायचा नायलॉनचा पट्टा घेतो. हत्ती बसला तरी झोल पडणार न्हाई." मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो. "म्हंजे, तुमाला न्हाई म्हणलो."

"उंटावरून हत्तीवर आलात," आक्का म्हणाली. "बरं चाललंय."

त्यांनी पट्टे विणले, एक आडवा एक उभा, बाजेला विणतात तसेच, आणि ओढून ओढून असे आवळले की बोटानं वाजवले तर आवाज यावा. त्यावर पातळ, कडक फोम, आणि आक्काच्या हट्टानं पुढच्या कडेला मांड्यांखालची वळकटी. सीट मागं सरकावी म्हणून रुळांना पट्ट्या जोडायच्या होत्या. शेजारचा वेल्डर वेल्डिंग करून देतो म्हणाला, आक्कानं नको म्हणून सांगितलं. टाका वरून बरा दिसतो, आतून धरलाय का ते कळत नाही, हे तिला दुसऱ्या कामातून ठाऊक होतं. जाड पट्ट्यांना भोकं पाडून तिनं त्या बोल्टनं कसून घेतल्या आणि प्रत्येक बोल्टला स्वतः पाना लावून पाहिला. डोकं टेकायची उशी वर घेतली. मखमलीचं नाव कुणी काढलं नाही. साधं काळं रेक्झिन लावलं.

आता ती आत बसली तर पाठ सरळ, मान सरळ, डोक्यावर मूठभर जागा. मामूंनी दुकानात आलेल्या प्रत्येकाला बोलावून ते दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तेलगावकडं निघालो. मी शेजारी बसलो होतो. गाडी जमिनीला इतकी लागून चालत होती की शेजारून जाणाऱ्या उसाच्या ट्रॉलीची चाकं माझ्या डोक्याच्या वर फिरत होती. हसू आक्काच्या तोंडावर आपसूक आलेलं होतं आणि तिनं ते झाकलं नाही. गावं मागं पडली. मग, तेलगाव थोडं पुढं असताना, ते हसू गेलं. तिनं गाडी कडेला घेतली, दार उघडलं आणि बाहेर येऊन दाराला धरून उभी राहिली.

"पाय," ती म्हणाली. "गेला."

डावा पाय मांडीपासून बधिर झाला होता. ती उसाच्या फडाच्या कडेनं चालू लागली, पाय आपटत, थांबत. मी मागोमाग चाललो. तिला धरावं का ते मला कळेना. तिला धरलेलं आवडत नसे. थोडं चालून ती परत फिरली आणि गाडीकडं न बघता म्हणाली, "द्यावी लागंल बहुतेक."

एवढ्या दिवसांत तिनं हे पहिल्यांदा म्हटलं होतं. पाटाच्या कडेला दगड होता, त्यावर ती बसली, आणि तिथं बसल्या बसल्या तिनं डावा पाय पुढं लांब केला, मागं घेतला, पुन्हा लांब केला. किती तरी वेळ ती तेच करत होती. मला वाटलं ती पायात जीव आणते आहे. ती क्लच दाबत होती.

"अरे," ती म्हणाली, "मी उभ्या गाडीत माप दिलं."

मला समजलं नाही. तिनं समजावून सांगितलं. पोत्यांवर बसून माप घेतलं तेव्हा तिचे दोन्ही पाय स्वस्थ टेकलेले होते. रस्त्यावर डावा पाय दर वळणाला, दर खड्ड्याला क्लचवर जातो, लांब होतो, आणि प्रत्येक वेळी सीटची पुढची कड मांडीला खालून दाबते. जी वळकटी तिनं हट्टानं घालून घेतली होती, तीच पाय मारत होती. "वासराला चालवून बघितलंच न्हाई मी," ती म्हणाली. "नुसतं उभं बघितलं."

मला तिचं हे फार मोठं वाटतं, तेव्हाही वाटलं होतं. आपण चुकलो हे सापडल्यावर तिला ओशाळं वाटलं नाही, उलट आनंद झाला. कारण आता काय करायचं ते कळलं होतं. ती तशीच, तो पाय घेऊन, सावकाश, मधे मधे थांबत गाडी परत घेऊन आली आणि घरी न जाता सरळ मामूंच्या दुकानापुढं उभी केली.

"काय बिघडलं?" मामू आधीच घाबरले होते.

"तुमचं काही न्हाई. माझं माप चुकलं. खडू द्या."

तिनं सीटवर बसून डावा पाय लांब करून घेतला आणि मांडीच्या कडेनं स्वतःच खडूनं रेघ ओढली. डावी बाजू उतरती कापायची, उजवी आहे तशी ठेवायची. मामूंना हे पटेना. आयुष्यभर त्यांनी दोन्ही बाजू सारख्या केलेल्या.

"वाकडी दिसंल बाई. लोक म्हणतील मामूचा हात गेला."

"लोकांना सांगा, गिऱ्हाईकच वाकडं होतं."

"तुमी वाकड्या न्हाईत," मामू एकदम गंभीरपणे म्हणाले, आणि सुरी घेऊन कामाला लागले.

ती सीट खरंच वेडीवाकडी झाली. मागं खोल, पुढं एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला उतरती. रिकामी असली की कुणीतरी लाथ मारून चेपल्यासारखी दिसायची. आक्का बसली की तिच्यातला एकही कोपरा रिकामा राहायचा नाही.

पुढं काही वर्षं ती गाडी या रस्त्यांवर सगळ्यांना माहीत झाली. निवृत्त झाली तरी लोक बोलवायचे आणि ती जायची. मागं औषधांची पेटी, शेजारी कधी मी, कधी एखादं आजारी करडू पोत्यात गुंडाळलेलं. तलवाड्याच्या एका शेतकऱ्यानं तिला विचारलं होतं, एवढी भारी गाडी शेणात कावून आणता, आणि ती म्हणाली होती, शेण धुतलं जातंय. तिला नेणारा आजार कमरेचा नव्हता. तो फार लवकर आला आणि त्यानं फार वेळ घेतला नाही. त्याबद्दल मला अजून लिहिता येत नाही, आणि ते इथं लागतही नाही.

मला त्या दिवाळीच्या आधीचा दिवस लिहायचा आहे. आक्का म्हणाली, चल, कागद करून येऊ. मी म्हणालो, एवढ्या लांब, तू, तेही जाऊन-येऊन? पाय गेला तर? ती म्हणाली, गेला तर गाडी तिथंच ठेवू आणि बसनं येऊ, सोपंच आहे. म्हणजे निकाल त्या दिवशी लागणार होता, आणि तिनं तो रस्त्यावर सोपवला होता.

संभाजीनगरपर्यंत पाय गेला नाही. वर्गमित्र दारात काठी घेऊन उभा होता. गाडी बघून त्याला राहवलं नाही, त्यानं काठी माझ्या हातात दिली आणि आपल्याच जुन्या सीटवर बसायला गेला. तो मामूंच्या उंचीचा. बसला आणि दिसेनासा झाला.

"अगं," आतून आवाज आला, "मला रस्ता दिसत नाही. नुसतं आभाळ दिसतंय."

"मग आभाळ बघ."

"पायही पोचेनात. माझ्या गाडीचं हे काय केलंस तू?"

"मेव्हण्याला बोलवायचं का?" आक्कानं विचारलं.

"तो माझ्यापेक्षा बुटका आहे." त्यानं आतल्या आत सीटच्या कडा चाचपल्या. मग म्हणाला, "ही आता कुणाच्याच कामाची नाही. तुझ्याशिवाय." आम्ही दोघांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं आणि जेवायच्या आधी कागद झाले.

परत निघालो तेव्हा ऊन कललं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस वेचणाऱ्या बाया घराकडं निघाल्या होत्या. आक्का ताठ बसून चालवत होती, एक हात स्टिअरिंगवर, दुसरा गिअरवर, डोक्यावर मूठभर जागा. मी तिच्याकडं बघत होतो. आयुष्यभर मी तिला कशाच्या तरी खाली वाकलेलं पाहिलं होतं आणि ती उंच आहे म्हणून वाकते असं समजत आलो होतो. इथं ती तेवढीच उंच होती आणि वाकलेली नव्हती. ती सुंदर दिसत होती. हे भावानं लिहावं की नाही, मला माहीत नाही. लिहितो.

गेवराई मागं पडली तरी ती थांबली नाही. जाताना आम्ही दर थोड्या वेळानं थांबत होतो, ती उतरून चालायची. आता बराच वेळ झाला होता. माझ्याच्यानं राहवेना.

"आक्का, कंबर?"

ती जणू आत कुठं जाऊन बघून आली.

"विसरले होते रे," ती म्हणाली. "कावून आठवण केलीस?"